न धुतलेली रांग

ईट, ता. भूम, जि. धाराशिव
१५ जानेवारी २०२४

चि. अक्षरा,

पंधरवड्याचा तक्ता सोबत आहे. खाली सही आहे, तारीख आहे, आणि तुमच्या संस्थेला आवडते म्हणून निळी शाईही आहे. सरकारी काम संपलं, आता इथून पुढं आत्याचं पत्र.

एवढं लिहिण्यापेक्षा फोन करत जा, असं तू मागं म्हणालीस. बाई गं, शाळेतून मी निवृत्त झाले आणि दहा वर्षांत कानही निवृत्त झाले. फोन लावला की नुसती घरघर. तक्ता तर पोस्टानं पाठवावाच लागतो, मग त्याच पाकिटात माझे चार कागद फुकट जातात. तुला वाचायचा कंटाळा असेल तर तसं सांग, म्हणजे अजून लांब लिहीन.

माळावर सगळं ठीक. तुमच्या दोन्ही रांगा, बारा-बारा सौर पॅनलच्या, जागच्या जागी आहेत. अ रांग तुमच्या पगारावरचा दगडोबा दर सोमवारी धुतो. ब रांगेला पाणी नाही, फडकं नाही, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं तसंच. ती इतकी कळकट दिसते की मथुराबाईला, म्हणजे दगडोबाच्या बायकोला, बघवत नाही. परवा मला म्हणाली, "बाई, पाव्हणं आलं तर काय म्हंतील? घरात बाईमाणूस न्हाय का?" एक रांग धुवायची आणि एक मळू द्यायची, म्हणजे धूळ किती वीज खाते ते कळतं, हे मी तिला तिसऱ्या वर्षीही समजावून सांगितलं. ती "व्हय, व्हय" म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

आता मुद्द्याचं. माळाच्या पलीकडच्या अंगाला मोठा सौरप्रकल्प येतोय, तुला ठाऊक आहेच. कंपनीची माणसं आपल्या तलावाची खोली मोजून गेली. त्यांना आठवड्याला एकदा सगळी पॅनल धुवायची आहेत आणि पाणी तलावातून हवं आहे. यंदा पाऊस कसा झाला ते तुला सांगायला नको. जानेवारीतच तलावाच्या मधोमध शेळ्या चरताहेत. ग्रामसभा झाली. मला ऐकू काही आलं नाही, पण पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय, तोंडं वाचता येतात. माणसं घाबरली आहेत.

उन्हावरची वीज व्हायला हवी, कोळसा जाळून भागायचं नाही, हे ह्याच गावातल्या मुलांना मीच शिकवलं. आता तीच मुलं बाप झालीत आणि माझ्याकडं बघताहेत. सरपंचांनी विचारलं, तुमच्या भाचीची मशीन काय म्हणते? आठवड्याला धुवावंच लागतं का?

विचारते म्हणाले. तर विचारते.

तुझी आत्या
वनमाला


पुणे
२९ जानेवारी २०२४

ती. वनमालाआत्या,

तुमचं पत्र हातात घेऊन मी अर्धा तास खोलीत येरझारा घातल्या. जे आता लिहिते आहे ते अजून आमच्या संचालकांनाही सगळं सांगितलेलं नाही. तुम्हीही सध्या कुणाला बोलू नका.

तीन वर्षांच्या नोंदी मी एकाखाली एक ठेवल्या. पावसाळा सरला की ब रांग अ रांगेपेक्षा शंभरात नऊ-दहा कमी वीज देते. पावसानंही न निघणारा एक चिकट थर काचेवर बसलेला असतो, वर सोयाबीनच्या मळणीची धूळ. आणि मग ऑक्टोबरात एक दिवस असा येतो की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. २०२१ मध्ये १४ ऑक्टोबरला, २०२२ मध्ये ४ ला, २०२३ मध्ये २३ ला. तिन्ही दिवशी तुमच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय: पाऊस नाही, ब रांग धुतली नाही.

मला वाटतं, हे दव आहे. पहाटे दवानं थर भिजतो आणि उन्हं वर आली की बालाघाटावरचा वारा तो काढून नेतो. माळ स्वतःला धुतो, आत्या!

१६ एप्रिलला दिल्लीत समितीची बैठक आहे. पॅनल किती वेळा धुवायची ह्याचं प्रमाण देशभरासाठी तिथं ठरणार आहे. जिल्ह्यात पाण्याची परवानगी त्याच प्रमाणावर मिळते. सध्या आठवड्याला एक धुलाई धरतात. माझा निष्कर्ष मान्य झाला तर कोरड्या पठारांवर ती निम्म्यापेक्षा कमी होईल. म्हणजे तुमचा तलाव वाचला. लोकांच्या पैशातून अभ्यास करायचा तो ह्याचसाठी, नाही का?

एकच गोष्ट हवी आहे. त्या तीन तारखांच्या आठवड्यांत ब रांगेला कुणीही हात लावला नाही, असं नोंद ठेवणारी व्यक्ती म्हणून तुमचं सहीचं प्रमाणपत्र. नमुना जोडला आहे. १५ मार्चपर्यंत पोचायला हवं.

दगडोबांना सांगा, त्यांच्या माळावरचं दव दिल्लीला निघालंय. नाही, नको, अजून नका सांगू.

तुमची
अक्षरा


(पाकीट चिकटवलं. पोस्टात टाकलं नाही. — व.)

ईट
६ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षरा,

भिंतीवरची जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर शेजारची मुलं आकृत्या काढतात. तुझं पत्र वाचून ती काढली. तारखा एवढ्या पुढंमागं का, असं तुला वाटलं नाही का गं? १४, मग ४, मग २३. तुझ्या इंग्रजी तारखा दरवर्षी हलतात. आमची तिथी हलत नाही. तिन्ही दिवशी खंडेनवमी आहे.

खंडेनवमीला गावात काय असतं हे तू लहानपणी तुळजापूरला बघितलं आहेस. विळा, कोयता, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, शिवणयंत्र, जे हत्यार वर्षभर राबतं ते धुवायचं, पुसायचं, त्याला हळदकुंकू आणि झेंडू. दगडोबानं पहिल्या वर्षी मला विचारलं होतं, "बाई, ह्या प्लेटाबी राबत्यात की. त्यांचं करायचं का न्हाय?" मी म्हटलं, करायचं. त्यानं दोन्ही रांगा धुतल्या, मी हळदकुंकू वाहिलं. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही.

आणि घरी येऊन मी तक्त्यात लिहिलं, ब रांग धुतली नाही.

खोटं लिहिते आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. कोयता खंडेनवमीला धुतो तेव्हा तो साफ केला असं आपण धरतच नाही, ती पूजा असते. विज्ञान शिकवणारी बाई मी, नाडी मोजायला लावायची मुलांना, आणि माझ्या डोक्यात पूजेचं पाणी आणि धुण्याचं पाणी दोन निरनिराळ्या कप्प्यांत होतं. मला माझीच लाज वाटते.

दव नाही, अक्षरा. दगडोबा आहे.

हे पत्र टाकलं की तलाव गेला, तुझा शोध गेला, दगडोबाची नोकरी गेली. सकाळी पोस्टात जाईन.

आत्या


ईट
८ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षरा,

तक्ता सोबत आहे. प्रमाणपत्र पुढच्या वेळी पाठवते, निळी शाई संपली आहे.

तुझा शोध मोठा आहे, अभिनंदन. मला त्यातलं फार कळत नाही. दव नसेल तर दुसरं काय असू शकतं, हे तू तपासलं असशीलच.

एक चूक झाली. सरपंचांच्या आईला बरं वाटावं म्हणून मी म्हणून गेले की पाणी वाचेल असं दिसतं. दुपारपर्यंत गावभर झालं. काल देवळापुढं बायकांनी मला अडवून माझे हात हातात घेतले.

वनमाला


पुणे
२० फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

शाई ईटच्या कुठल्याही दुकानात मिळते.

दव नसेल तर दुसरं काय, हे कृपा करून मला विचारू नका. हाच प्रश्न इथं रोज चार जण विचारतात, आणि त्यांना गप्प करायला माझ्याकडं एकच कागद असणार आहे, तो तुमचा. तीन वर्षांच्या नोंदी तुमच्या सहीवर उभ्या आहेत. तुम्ही माझ्या नात्यातल्या आहात हे फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे, त्यामुळं तुम्ही उशीर केलात तर लोक त्याचाही अर्थ काढतील.

मला सही हवी आहे, आत्या. शंका नकोत. तलाव तुमच्या गावाचा आहे.

रागावून लिहिलं, माफ करा. झोप होत नाही.

अक्षरा


ईट
४ मार्च २०२४

अक्षरा,

प्रमाणपत्र जोडलं आहे. निळ्या शाईत.

गावात टँकर सुरू झाला. पहिल्या दिवशी माझ्या पुढं मथुराबाई उभी होती. आमच्या दोघींच्या मध्ये तिच्या तीन घागरी. ती मागं वळून म्हणाली, "तुमची भाची हाय म्हून बरं हाय, बाई." घरी आले आणि सही केली.

तक्ता आहेच.

वनमाला


पुणे
१८ मार्च २०२४

ती. आत्या,

कागद पोचला. संचालकांनी तो अहवालाच्या पहिल्याच पानामागं लावला. आता कुणी काही विचारत नाही.

समितीच्या कार्यालयातून निरोप आहे की हा निष्कर्ष फक्त आपल्या माळापुरता ठेवणार नाहीत. ज्या ज्या कोरड्या पठारावर सौरप्रकल्प आहे तिथं सगळीकडं तोच लागू करायचा विचार आहे. इतर राज्यांतसुद्धा. एका गावच्या माळावरून एवढं निघेल असं मला वाटलं नव्हतं.

आता दगडोबांना सांगायला हरकत नाही. त्यांच्या दवाची गोष्ट ऐकून ते हसतील.

तुमची
अक्षरा


ईट
३ एप्रिल २०२४

चि. अक्षरा,

दगडोबा हसला नाही.

गुढीपाडव्याला आठवडा राहिलाय म्हणून तो माझ्याकडं गुढीसाठी वेळूची काठी घेऊन आला होता. मी चहा दिला आणि तुझा निरोप सांगितला. माझ्याशी बोलताना तो तोंड समोर धरून सावकाश बोलतो, म्हणून त्याचा शब्द न् शब्द मला कळतो. त्यानं कप खाली ठेवला.

"दव कुठलं, बाई? म्या धुतल्यात की त्या प्लेटा. तुमीच हळदकुकू वाह्यलं न्हवं का?"

"लई चिकट मळ व्हता. नख लावू लावू काढला म्या. आन् नाव दवाचं?" त्याला खरंच लागलं होतं. "ताईला लिवा, दगडोबानं धुतलं म्हून. माझ्या हातचं काम हाय त्ये."

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. त्या रांगेला पाणी लागायलाच नको होतं, हे त्याला पूजेच्या दिवशी मी सांगायला हवं होतं आणि उलट मीच कर म्हटलं, हे सांगितलं. खरं कळलं तर त्याची नोकरी जाईल, हे सांगितलं. तलावाचं सांगितलं. मी कोणत्या कागदावर सही केली तेही सांगितलं. त्याच्याकडं बघायचं धाडस होईना, पण न बघितलं तर मला ऐकू येत नाही. बघावंच लागलं.

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं आली. रात्रभर बोलत बसली असावीत. मथुराबाई दाराशीच थांबली. दगडोबा म्हणाला, "बाई, समजा नियम झाला. कंपनीनं प्लेटा धुतल्या न्हायत्या, दवावर सोडल्या. आन् दवानं मळ न्हाय निघाला, तर?"

"तर वीज कमी होईल."

"मग त्ये पानी मागायला येत्यालच की. आन् तवा आपुन काय बी म्हनलं तर म्हंतील, ही लबाड मान्सं हायती. तवा आपलं कोन ऐकंल?"

अक्षरा, दोन महिने मी डोकं धरून बसले आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. मी फक्त ह्या उन्हाळ्याचा तलाव बघत होते. आणि तू लिहिलंस ते तर त्याहून पुढचं आहे. कुठल्या कुठल्या राज्यांतले माळ, तिथं राबणारी आपल्यासारखी माणसं, आणि त्या सगळ्यांचा नियम माझ्या एका खोट्या सहीवर.

"लिवा तुमी," दगडोबा म्हणाला, "सही म्या करतो." मथुराबाई रडत होती, पण नको म्हणाली नाही.

सोबत तीन कागद आहेत. एक, फेब्रुवारीत लिहून न टाकलेलं पत्र, म्हणजे मला कधीपासून माहीत होतं ते तुला कळेल. दोन, दगडोबाचा जबाब, त्याच्या सहीनं. तीन, मी दिलेलं प्रमाणपत्र खोटं आहे, असं माझं निवेदन. तुला हवं तिथं दाखव. माझ्या म्हातारपणाची दया करून लपवू नकोस.

तुझं वाटोळं केलं मी. शाळेत असते तर स्वतःला बाकावर उभं केलं असतं.

आत्या


पुणे
२८ एप्रिल २०२४

ती. आत्या,

पत्र ८ तारखेला मिळालं. दिल्लीहून येऊन चार दिवस झाले, पण लिहायला हात होत नव्हता. आता जे लिहिते ते बसून वाचा.

मला ठाऊक होतं.

दगडोबा आहेत हे नाही, खंडेनवमी तर डोक्यातही आली नाही. पण दव नाही एवढं ठाऊक होतं. आमचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी एक ठिपका नोंदवतं. त्या तिन्ही दिवशी सकाळी साडेनऊ ते सव्वादहा ब रांगेची वीज खाली जाते, आलेखात खड्डा पडतो, आणि सव्वादहानंतर ती अ रांगेच्या बरोबरीला येते. पॅनलसमोर माणूस उभा राहिला, त्याची सावली पडली, की असा खड्डा पडतो. दव साडेनऊला येऊन पाऊण तासात काम उरकून जात नाही.

हे मी डिसेंबरातच बघितलं होतं. मोठं करून, तीन वेळा. मग मी आलेख पंधरा मिनिटांचा न ठेवता दिवसाच्या सरासरीचा केला. सरासरीत तो खड्डा दिसत नाही.

आणि म्हणून तुमच्याकडं प्रमाणपत्र मागितलं. उद्या हे खोटं निघालंच, तर ते तुमच्या सहीवर निघावं, माझ्या आलेखावर नाही. तुम्ही विचारलंत, दव नसेल तर दुसरं काय, तेव्हा मला भीती वाटली की तुम्ही उत्तर सांगाल. म्हणून तसं तोडून लिहिलं. तुम्ही माझं वाटोळं केलं नाहीत, आत्या. मी तुम्हांला पुढं करून मागं लपले.

समितीपुढं मी आधी पंधरा मिनिटांचा आलेख दाखवला, मग सरासरीचा, आणि मी काय केलं ते सांगितलं. मग तुमचे कागद वाचले. दगडोबांचा जबाब वाचताना एक म्हातारे सदस्य चष्मा काढून बसून राहिले.

झालं ते असं. निष्कर्ष मागं घेतला. प्रकल्पाच्या प्रमुखपदावरून मला काढलं, चौकशी चालू आहे. नोकरीचं काय ते नंतर कळेल. ईटचं केंद्र मात्र बंद होणार नाही. एक वर्ष निखळ नोंदी घ्यायच्या, मग नव्यानं ठरवायचं. दगडोबांना काढलेलं नाही. पूजेच्या दिवसाबद्दल त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, ही संस्थेची चूक, असं मी लिहून दिलं.

वाईट ते शेवटी लिहिते. तोपर्यंत जुनंच प्रमाण लागू राहील. कंपनीला तुमच्या तलावातून आठवड्याच्या धुलाईचं पाणी मिळेल, एक वर्षापुरतं. ते मला थांबवता आलं नाही.

एक विचारायचं आहे, विचारायचा हक्क राहिला नसला तरी. तो चिवट थर पावसानं निघत नाही, तो दगडोबांच्या हातानं पूर्ण निघाला होता. बारा पॅनलना त्यांना किती पाणी लागलं? नियमात पाइप मारून धुणं धरलेलं आहे. हातानं पुसून कुणी मोजलेलंच नाही.

अक्षरा


ईट
११ ऑक्टोबर २०२४, खंडेनवमी

चि. अक्षरा,

एप्रिलपासून तुला नुसते तक्ते आले, पत्र नाही. तक्ता देशाचा आहे, तो चुकवायचा नाही. पत्र माझं होतं, ते मी बंद केलं. राग होता. तुझ्या आलेखाचा नाही, मीही तेच केलं होतं. पण माझ्या सहीमागं तू लपलीस, आणि मी तुला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला शिकवली होती, ते मनातून जाईना. अजूनही पुरतं गेलेलं नाही. खोटं कशाला सांगू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दगडोबाकडून मे महिन्यातच घेतलं होतं आणि पाच महिने दाबून ठेवलं, ह्याची मात्र लाज वाटते. बारा पॅनलना एक कळशी. एक कळशी आणि मथुराबाईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. जून-जुलैत मी समोर उभं राहून अ रांगेवर चार सोमवार मोजलं आहे, कागद जोडला आहे. कंपनीचे लोक तेवढ्याच काचेवर पाइपानं किती पाणी ओततात ते आम्ही तलावाच्या काठावरून रोज बघतो. यंदा पाऊस बरा झाला म्हणून निभावलं. हा कागद पोचव, ज्याला पोचवायचा त्याला, तुझ्या नावानं नाही तर दगडोबाच्या नावानं.

आता आजचं. सकाळी गावात सगळीकडं ट्रॅक्टर धुणं चाललं होतं, रस्ता ओला. दगडोबा नऊला माळावर आला तो ताट घेऊनच. ताटात झेंडू, हळदकुंकू, खोबऱ्याचा तुकडा. अ रांग सोमवारची, आज तिलाही पाणी नाही. आम्ही तिघं कुंपणाच्या बाहेर थांबलो. मथुराबाईनं फाटकाच्या खांबाला हळदकुंकू लावलं. ब रांगेवर मळणीची धूळ इतकी होती की तिच्या काचेत आभाळही दिसत नव्हतं. दगडोबा तिच्याकडं बघत उभा राहिला. हात जोडलेले, आणि बोटं एकमेकांत घट्ट. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला आजच्या दिवशी तसंच सोडून यायचं, हे त्याला किती जड गेलं ते मी पाहिलं.

"औंदा ऱ्हाऊ द्या," तो एवढंच म्हणाला.

तक्ता मी तिथंच भरला. आभाळ निरभ्र. पाऊस नाही. ब रांग धुतली नाही, पूजा कुंपणाबाहेर. माझ्या सहीखाली दगडोबानं आपली सही केली. तिथं त्यासाठी रकाना नाही, पण असू दे.

आम्ही साडेनऊला तिथं होतो आणि साडेदहाला निघालो. आलेख उघड आणि एकेक ठिपका बघ, सरासरी काढू नकोस. आज तिथं खड्डा नाही.

आत्या